टर्बाइनच्या सहा रिंगा

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९.
आजपासून रोजनिशी. यशस्वी उद्योजकांची असते.
वीस वर्षं बीडच्या एमआयडीसीत शेड चालवतोय. साखर कारखान्यांचे शाफ्ट आणि बुश करून हात काळे झाले. आता गॅस टर्बाइन! संभाजीनगरच्या कंपनीने ट्रायलला सहा रिंगा पाठवल्यात. धातू निकेलचा, खास. सुटा मिळत नाही, म्हणून चुकायचं नाही. रिंगेच्या आत टर्बाइनची पाती फिरतात, मध्ये जागा केसाएवढी. आम्ही आतलं भोक कापायचं, मग पुण्याला उष्णता सोसणारा लेप. ड्रॉइंगवर माप १८० एमएम. विषय संपला.
ट्रायल पास झाली तर तीन वर्षं काम. नापास झाली तर शेडमधल्या नऊ माणसांचं काय, हा विचार शुभदिवशी करायचा नसतो.
ड्रॉइंग फ्रेम करून भिंतीला लावलं. हळदकुंकू वाहिलं.

५ फेब्रुवारी.
शिवकन्या आमची इन्स्पेक्टर. डिप्लोमा केलेली पोरगी. आईवडील सध्या माजलगावकडे ऊसतोडीला. हुशार आहे, पण शंका फार.
म्हणाली, "सर, लेप किती जाड?"
म्हटलं, पॉइंट तीन.
"मंग दोन्ही बाजूंनी पॉइंट सहा झालं. भोक तेवढं मोठं कापावं लागंल. एकशेऐंशी हे लेपानंतरचं माप असंल."
मी हसलो. लेप म्हणजे रंग. रंगाने मापं बदलली असती तर घर रंगवल्यावर कुणाची दारं लागली नसती.
ती म्हणाली, कंपनीला फोन करून विचारू का. मुळीच नाही! त्यांना वाटेल, यांना येत नाही.
जेवताना बायकोला, सुभद्राला, रंगाचं उदाहरण सांगितलं. ती म्हणाली, आपल्या देवघराचं दार दिवाळीपासून कुठं लागतंय?
तो विषय वेगळा आहे. सुतार चुकला.

८ फेब्रुवारी.
सहाही रिंगा कापून तयार. १८०.००. देखणं काम. फोटो काढून स्टेटसला ठेवला, 'बीड ते आकाश'. सुभद्राने विचारलं, टर्बाइन वीजघरातलं आहे ना, मग आकाश कुठून आलं. स्टेटस तसाच ठेवला.
उत्तरेश्वर पंधरा वर्षं माझ्या मशीनवर. तो सुद्धा म्हणाला, "मालक, लई बारीक काम हाय. एकदा पोरीचं ऐका."
म्हटलं, तू मशीनकडं बघ.
रिंगा पुण्याला रवाना.

१४ फेब्रुवारी. दुपार.
लेप होऊन परत आल्या. पांढऱ्याशुभ्र.
भोकाचं माप तपासायचा गेज आत जात नाही.
एकाही रिंगेत.
कारणं: उन्हाने गेज फुगला. किंवा पुणेवाल्यांनी लेप दाबून लावला.
शिवकन्याने गेज सावलीत ठेवून पुन्हा मोजलं. १७९.४०. लेपाची जाडी मोजली. पॉइंट तीन, बरोबर. आकडे वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या. तिच्या या रेघा मला आवडत नाहीत.


१५ फेब्रुवारी.
उपाय सापडला. घासायचं! पहिली रिंग मी स्वतः ग्राइंडरवर घेतली. बारा वाजता गेज अलगद आत गेला. सगळ्यांना पेढे.
शिवकन्या रिंग उजेडात धरून उभी राहिली. "सर, माप आलं. पर लेप कुठाय?"
आतून नुसता धातू चमकत होता. मग तिने फळ्यावर काढून दाखवलं. धातूच एकशेऐंशीला कापलाय, तर एकशेऐंशी यायला लेप सगळा जाणारच.
एका जागी ग्राइंडर धातूतही घुसला होता. नखाएवढी खाच. ती रिंग गेली.
पेढे तोपर्यंत खाऊन झाले होते.

१७ फेब्रुवारी.
वीस तारखेला माल पोचवायचा आहे. विचार करून डोकं तापलं, आणि त्यातूनच सुचलं. तापलं की लोखंड फुगतं. रिंग फुगेल, भोक मोठं होईल. विज्ञान आपल्या बाजूने आहे.
शिवकन्याला सांगितलं.
"पाती बी फुगतात, सर."

१८ फेब्रुवारी.
इन्स्पेक्शन रिपोर्ट मीच लिहिला. 'पाच रिंगा ठीक. एक प्रवासात खराब.' सहीची जागा शिवकन्याची. तिच्यापुढे ठेवला.
तिने पेन उचललं नाही. म्हणाली, "पाती रिंगेला घासली की तुटते. तुकडे गोळीवाणी उडतात. तिथं कुणी उभं असलं, तर मी त्याच्या घरच्यांना काय सांगू?"
मी चहा मागवला. ती चहाला थांबली नाही.
सही मीच करणार. मालक कोण आहे?

१९ फेब्रुवारी. शिवजयंती, शेड बंद.
रिपोर्ट घरी आणला. चार वेळा पेन हातात घेतलं. पेन नीट चालत नाही.
सुभद्रा म्हणाली, तीनदा हाक मारली, ऐकू येत नाही का. घाम कावून आलाय?
फेब्रुवारीतच ऊन लागतंय, म्हटलं.

२० फेब्रुवारी. सकाळी १०.
कंपनीच्या क्वालिटी हेड योगिता मॅडम यांचा फोन. माल पाठवू नका, उद्या येते. शिवकन्याने त्यांना सगळं सांगितलंय.
विश्वासघात!! तिला आजच काढणार. पत्र टाइप करायला बसलो. कम्प्युटरचा पासवर्ड फक्त तिला माहीत आहे. मागितला. तिने कागदावर लिहून दिला, वर विचारलं, "पत्र कसं लिहायचं सांगू का, सर?"
डोळे तिचे भरलेले होते. मी कागद खिशात ठेवला. पत्र राहिलं.

२१ फेब्रुवारी.
योगिता मॅडम आल्या. ड्रॉइंग मागितलं. फ्रेम काढून दिली. त्यांनी काच रुमालाने पुसली. कुंकवाखाली एक ओळ निघाली: सर्व मापे लेपानंतरची.
नऊ माणसं बघत होती. मशीन सगळी बंद.
मॅडमनी विचारलं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही?
मी तोंड उघडलं. 'नाही' म्हणणार होतो. उत्तरेश्वर माझ्याकडे एकटक बघत होता.
म्हणालो, शिवकन्याच्या आलं होतं. पहिल्या आठवड्यातच. मी ऐकलं नाही.
हे वाक्य तोंडातून कसं गेलं, माहीत नाही.
निकाल: भोक लहान आहे, म्हणजे धातू शिल्लक आहे. जुना लेप उतरवायचा, भोक १८०.६० करायचं, पुन्हा लेप. पाच रिंगा वाचतील. एक संधी, शेवटची. अट: मापाचा प्रत्येक निर्णय शिवकन्याचा. मी मशीनपासून लांब.
किती लांब, असं विचारलं. मॅडमनी दाराकडे बोट केलं.

१० मार्च, सोमवार.
नव्या लेपाच्या पाच रिंगा घेऊन संभाजीनगरला, तपासणीला. गाडी मी चालवली. शिवकन्या मागे पेटी मांडीवर धरून. गेवराई मागे पडली. पुढे एका स्पीडब्रेकरवर ती म्हणाली, "हळू घ्या, सर." हळू घेतली.
गेटवर ती आत गेली. मला वॉचमनने पास दिला: ड्रायव्हर. मी म्हटलं, मी मालक आहे. त्याने रजिस्टर बघितलं. "मालकांची नोंद झाली की. मॅडम आत्ताच गेल्या ना."
ड्रायव्हरांच्या खोलीत बसलो. दोन तास. शेजारचा ड्रायव्हर म्हणाला, तुमची मॅडम कडक आहे का? म्हटलं, लई.
चार वाजता तिचा फोन. "पाची पास झाल्या, सर. कुठंयत तुमी? आत या ना."
म्हटलं, येतोच.
पास बघितला. त्यावर लिहिलं होतं, फक्त पार्किंगपर्यंत. गाडी काढून गेटासमोर लावली आणि तिच्यासाठी पुढचं दार उघडून ठेवलं.