जमिनीला कान लावणारी माणसं

गुरुजी, उद्या गोंदियात माझं भाषण आहे. कादंबरीचा सिनेमा करताना तिचा जीव कसा घेतात, यावर. या विषयावर मी आजवर पुष्कळ टेबलं बडवली आहेत आणि प्रत्येक वेळी दवनीवाड्यातला तो सिनेमाचा तंबू सांगितला आहे.

देशातल्या पहिल्या निवडणुकीनंतरचा हिवाळा होता. सभांमधून माझा आवाज ऐकलेल्या तंबूवाल्यानं इंग्रजी सिनेमा मराठीत समजावून सांगायला मला माईकवर बसवलं. पडद्यावर नाव आलं आणि मी ओळखलं, ही तर तुमचीच गोष्ट. सातवीत ते जाडजूड इंग्रजी पुस्तक टेबलावर उघडं ठेवून तुम्ही आम्हाला मराठीत सांगायचात: दूरच्या ग्रहावर उतरलेले शास्त्रज्ञ, आणि तिथली न बोलणारी, जमिनीला कान लावून एकमेकांचं मन ऐकणारी माणसं. विचारांचा फोटो निघत नाही, हे मला कळतं. पानंच्या पानं नुसतं मन चालतं, तिथे कॅमेरा काय करील? पण म्हणून त्या ज्ञानी माणसांच्या डोक्यात पिसं खोचायची आणि हातात भाले द्यायचे?

पिसं दिसताच मागचे पोट्टे हसतात. पुढे जंगलपट्टीतली गोंड कुटुंबं बसली आहेत. "मामा, तुमचे पाव्हणे आले पडद्यावर," एकजण म्हणतो. पुढचा म्हातारा नातीचा हात धरतो, उठतो, बाहेरची वाट शोधतो. मागून शिट्या. मी, सभा गाजवणारा, माईकसमोर गप्प. तेवढ्यात तुम्ही खुर्च्यांमधून वाट काढत माझ्याजवळ येता.

"काऊन थांबला? तुले गोष्ट माहीत आहे ना? सांग मंग."

मी सांगू लागलो. ही माणसं आपल्याहून शहाणी आहेत, बंदूकवालेच वाट चुकलेले आणि भ्यालेले आहेत. तंबूवाला धावत आला. "जो दिख रहा है, वही बोल," म्हणत त्यानं माईकला हात घातला. तुम्ही त्याचं मनगट धरलंत आणि सोडलं नाहीत. पडद्यावर गोळ्या सुटल्या, पिसंवाले धडाधड पडले, मागे टाळ्या झाल्या. मी म्हणालो, "मेले नाहीत. जमिनीला कान लावून ऐकून राहिले. आपण काय बोलतो, तेच ऐकून राहिले." टाळ्या विरल्या. म्हातारा तंबूच्या दाराशी पोचला होता. तो परत येऊन बसला नाही, पण गेलाही नाही. नातीला खांद्यावर घेऊन शेवटपर्यंत उभ्यानं पाहत राहिला.

ते पुस्तक मला आत्ता कुठे मिळालं, नागपुरात, जुन्या पुस्तकांच्या ढिगात. पहिल्या पानापासून वाचलं. त्यात भाले आहेत, गुरुजी. पिसंही आहेत. शेवटी ती माणसं सगळी मरतात आणि लेखकाला त्याचं काही वाटत नाही. जमिनीला कान कुणीच लावत नाही. सिनेमावाल्यानं पुस्तकाशी इमान राखलं होतं. गोष्ट बदललीत ती तुम्ही, भर वर्गात, उघड्या पुस्तकासमोर. तेव्हा तुमची नजर शेवटच्या बाकावर, जंगलातून शिकायला आलेल्या दोघा भावांकडे असायची, हे आता आठवतं.

हा कागद त्याच पुस्तकात ठेवतो. उद्याच्या भाषणातलं एकही वाक्य मी बदललेलं नाही. पुस्तक मात्र घरीच ठेवून जाणार आहे.