आहेरात गेलेला मिक्सर

अप्पा, परवा तुमच्या शाळेतून फोन आला. शाळेचा मोठा समारंभ आहे, स्मरणिका काढताहेत, आणि तुमच्या काटकसरीवर मी दोन पानं लिहून द्यावीत असं त्यांचं म्हणणं. फोनवर तुमचाच एक जुना विद्यार्थी होता, आता तिथला मुख्याध्यापक झालेला. "ताई, कॉलरची गोष्ट तेवढी जरूर घ्या," म्हणाला. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली, पण संगमनेरात तुमची कॉलर अजून कुणी विसरलेलं नाही. मी हो म्हटलं, वही काढली, आणि दुसऱ्या ओळीतच माझं डोकं फिरलं. म्हणून लेख बाजूला ठेवून तुम्हालाच लिहायला बसले आहे. रागानं लिहिते आहे हे आधीच सांगते. तुमच्यासमोर मी कधी आवाज चढवला नाही, त्यामुळे तुम्हाला त्याची सवय नाही.

शाळा सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात तुम्ही नव्या वर्गासमोर मान वाकवून उभे राहायचात. "बघा रे, ही कॉलर. वरून झिजली, म्हणून उसवली आणि उलटी करून शिवली. शर्टाला आणखी दोन वर्षं आयुष्य मिळालं. ह्याला म्हणतात काटकसर." मी त्याच शाळेत होते, पाचवीपासून हे ऐकत आले. पोरं टाळ्या वाजवायची, मीही वाजवायची. आता विचारते, अप्पा, उसवली कोणी? शिवली कोणी? तुम्हाला सुईत दोरा ओवता येत नव्हता. आई दुपारची जेवणं उरकून उजेडाला म्हणून दारात बसायची. तुमच्या दाढीच्या जुन्या पात्यानं एकेक टाका कापायची. पातं दोन्हीकडून धारेचं, त्यामुळे अंगठ्याला बारीक बारीक चिरा पडलेल्या, आणि संध्याकाळी त्याच अंगठ्यानं ती तिखटा-मिठाचं पीठ मळायची. हे तुम्ही वर्गात एकदाही सांगितलं नाहीत. सांगायचं मुद्दाम टाळलंत असंही नाही, तुमच्या ते ध्यानातच आलं नाही, आणि माझा खरा संताप त्याचाच आहे.

आपल्या घरात काय काय वाचवलं जायचं ते आठवते आणि प्रत्येकामागे तीच दिसते. धोब्याला पैसे नकोत, म्हणून ती भाताची पेज काढून तुमच्या धोतराला खळ द्यायची आणि पितळी तांब्यात निखारे भरून इस्त्री फिरवायची. विजेचं बिल नको, म्हणून तुम्ही जेवून उठलात की स्वयंपाकघरातला दिवा मालवायचात, आणि ती बाहेरच्या खोलीतून येईल तेवढ्या उजेडात भांडी घासायची. साबणाच्या चिपट्या नव्या वडीला चिकटवायच्या, चहाची पत्ती दुसऱ्यांदा उकळायची, डाळ अर्धी शिजली की स्टोव्ह बंद करून पातेलं गोधडीत गुंडाळायचं. तुम्ही फक्त नियम काढायचात. एकदा स्टोव्ह पेटवताना माझ्या दोन काड्या गेल्या, तर तुम्ही मला समोर उभं करून विचारलंत, "काड्या काय झाडाला लागतात?" मी रडले. आई म्हणाली, "पोरीला कशाला बोलता, मीच दिली तिला वली पेटी." पेटी ओली नव्हती. तिनं खोटं बोलून तो बोल आपल्या अंगावर घेतला.

काटकसरीला माझा विरोध आहे असं समजू नका. आई आता माझ्याकडे सावेडीत असते, आणि ह्या फ्लॅटमध्येसुद्धा दुधाची पिशवी विसळून ते पाणी चहात घातल्याशिवाय तिला चैन पडत नाही. माझी सून हसते. मी हसत नाही. आई वाचवते ती वस्तू वाचवते, त्यात दुसऱ्या कुणाचे हात झिजत नाहीत. तुम्ही पैसे वाचवायचात आणि माणूस खर्चायचात. घ्या, इतक्या वर्षांनी एकदाचं बोलून टाकलं.

आता मिक्सरचं. गल्लीतल्या बायकांची भांड्यांची भिशी होती. दर महिन्याला थोडे थोडे पैसे टाकायचे, चिठ्ठी निघेल तिनं आपल्याला हवी ती वस्तू घ्यायची. कुणी पातेली घ्यायची, कुणी पाण्याचा पिंप. आई शेजारपाजारच्या साड्यांना हातानं फॉल लावून द्यायची आणि ते पैसे भिशीत टाकायची. तुमच्या पगाराला तिनं हात लावला नव्हता. चिठ्ठी निघाली तेव्हा तिनं मिक्सर मागितला. गल्लीत पहिला. तिचा उजवा खांदा तेव्हाच धरायला लागला होता. होळीला चार घरचं पुरण पाट्यावर वाटायचं, रोजची चटणी, वाटण, उन्हाळ्यात मिरच्या, सगळं त्या एका खांद्यावर. खोकं घरी आलं त्या दिवशी ती मला म्हणाली, "आता बघ, चटणी कशी दोन मिन्टांत व्हती." तुम्ही शाळेतून आलात, खोक्याभोवती एक चक्कर मारलीत आणि म्हणालात, "घरात तीन पिनांचं बटण कुठाय?"

बटण नव्हतं. वायरमन बोलवायचा तर त्याचे पैसे, वायरचे पैसे, शिवाय बिल किती वाढेल कोण जाणे. तुम्ही म्हणालात, पुढच्या महिन्यात बघू. मग म्हणालात, दिवाळी होऊ दे. खोकं फडताळावर चढलं. आई रोज त्याच्यावरची धूळ पुसायची आणि खाली बसून पाट्यावर चटणी वाटायची. कुणी विचारलं तर सांगायची, "बटन बसवायचंय अजून." आणि मग तुमच्या तेव्हाच्या मुख्याध्यापकांच्या मुलीचं लग्न निघालं. आहेर तर चांगला करायला हवा, साहेबांच्या घरचं कार्य. तुम्ही दोन दिवस येरझाऱ्या घातल्यात. तिसऱ्या दिवशी जेवताना, भाताचा घास हातात असताना, म्हणालात, "फडताळावर ती नवी वस्तू पडूनच आहे. नवीन कशाला विकत आणायचं?" तुम्ही विचारलं नव्हतंत, सांगितलं होतंत. आईनं तुम्हाला वरण वाढलं.

त्या काळी आहेर लाउडस्पीकरवर पुकारायचे. अमक्याकडून टॉवेल-टोपी, तमक्याकडून सतरंजी. तुमची पाळी आली तसा पुकारणाऱ्याचा आवाज चढला, "मास्तरांकडून, मिक्सर!" पुरुषांत तुमच्या पाठीवर थापा पडल्या. बायकांच्या पंगतीत आमच्या शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "काय बाई मास्तर! सोत्ताला उलटी कॉलर आन् दुसऱ्याला मिक्सर. लई मोठ्या मनाचा माणूस." आई "व्हय" म्हणाली आणि पानातली बुंदी तिनं माझ्या पानात सरकवली. अप्पा, तुमचा आहेराचा खर्च वाचला, वायरमनचा वाचला, विजेचा वाचला, वर दानशूर म्हणून नाव झालं. हे सगळं एका बाईच्या खांद्यातून निघालं, आणि त्या बाईला तुम्ही घरी परत येताना "तुला वाईट नाही ना वाटलं?" एवढंही विचारलं नाहीत. टांग्याचे पैसे वाचवायला आपण चालत आलो, तुम्ही दहा पावलं पुढे होतात. तुमचे शब्द वाचवून तुम्हाला काय मिळालं?

तो खांदा आता वर जात नाही. केस मी विंचरून देते. काल तिला खुर्चीत बसवून विंचरता विंचरता विचारलं, "आई, शाळेच्या पुस्तकात अप्पांवर लिहायचंय. मिक्सरचं लिहू का?"

"कोन्ता मिक्सर?" म्हणाली. मला वाटलं विसरली. थोड्या वेळानं आपणहून म्हणाली, "त्याला तीन भांडी हुती. मोठं, मधलं आन् चटणीचं बारकं. बारक्याचं झाकण मी एकदा उघडून पाह्यलं हुतं. पुन्हा हुतं तसं ठिवलं."

"मग लिहू?"

"नको गं बाई. लोकं म्हनतील, म्हातारीचा जीव अजून मिक्सरात अडकलाय. मास्तरांचं नाव हाय गावात, ऱ्हाऊ दे." मी वेणी घालत राहिले. मग ती म्हणाली, "त्या पोरीनं वापरला आसंल का? का तिनंबी कुनाच्या आहेरात घातला?" आणि हसली. मला हसू आलं नाही. मला तुमची मान धरून तुम्हाला त्या खुर्चीसमोर बसवावंसं वाटलं, तिचं ते वाक्य तुम्ही ऐकावं म्हणून.

तेव्हा स्मरणिकेचं असं झालं आहे: खरं लिहिलं तर आईचा शब्द मोडतो, आणि कॉलरचं गोडगोड लिहायला माझा हात वळत नाही. आज सकाळी त्या मुख्याध्यापकांना कळवून टाकलं, तब्येत बरी नाही, जमणार नाही. माझी तब्येत ठणठणीत आहे. ते दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतील आणि तुमची कॉलर एकदाची छापून येईल. हा कागद कुठेच जाणार नाही.

पण इतकं बोलले तर एक गोष्ट झाकून ठेवणं बरं नाही. आहेराच्या खोक्यावर चिकटवायचा कागद मी लिहिला होता. तुम्ही म्हणालात, "तुझं अक्षर वळणदार आहे, तू लिही." मी तेव्हा सातवीत. चटईवर पालथी पडून, शाईच्या पेनानं, ओळी आखून लिहिलं, 'सप्रेम भेट', आणि खाली तुमचं एकट्याचं नाव, पदवीसकट. आई शेजारी तांदूळ निवडत होती. तिनं वाकून पाहिलं आणि म्हणाली, "वाळू दे नीट, शाई फिसकटंल." तिचंही नाव घालावं हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. आणि मांडवात लाउडस्पीकरवर पुकारलं ना, अप्पा, तेव्हा मला तुमचा राग आला नव्हता. मी मागे वळून मैत्रिणींकडे पाहिलं होतं, त्यांनी ऐकलं की नाही ते बघायला.