चांद्याच्या खांद्याचा फोटो

मी, वासुदेव गणपत झाडे, धंदा फोटोग्राफी, राहणार समुद्रपूर, जिल्हा वर्धा, आपखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो की माझी अक्कल आज ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तशी खात्री केली. ते गुरांचे डॉक्टर असले तरी माणसेही त्यांनी पुष्कळ पाहिली आहेत. फक्त माझे साळे प्रभाकरराव यांना ते पटलेले नाही.

१. राहते घर व पुढचा स्टुडिओ पत्नी जयवंता हिला. आम्हाला मूलबाळ नाही. मागच्या गोठ्यात म्हातारा बैल चांद्या मरेपर्यंत राहील. घर त्याच्याच नावे करणार होतो, पण बैल वारस होऊ शकत नाही असे वकील म्हणाले. साळा होऊ शकतो म्हणे!

२. चांद्या मूळचा प्रभाकररावांचा. पोळ्याच्या आदल्या सांजेला त्याच्या खांद्याला तूप-हळद चोळायची, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणायचे, आणि सण सरला की त्याच फुटलेल्या खांद्यावर जू! एका पोळ्यात बैल सजवण्यात त्यांचा पहिला नंबर आला. मी काढलेला तोरणाखालचा फोटो पाहून म्हणाले, "भाऊजी, तेवढा घाव ब्रशनं पुसून द्या ना. इज्जतीचा सवाल हाये."

मी म्हटले, "बैलाचा घाव तू बरा कर, मंग फोटोतला मी पुसतो."

तो फोटो मोठा करून मी दुकानाच्या काचेत टांगला. बाजाराच्या दिवशी ही गर्दी! कित्येकांनी घरी जाऊन आपापल्या बैलांचे खांदे पाहिले. प्रभाकररावांनी मात्र बैलावरच राग काढला. "नाक कापलं यानं माझं," म्हणत खाटकाकडे निघाले. माझा चांगला कॅमेरा देऊन मी चांद्या सोडवला. तो कॅमेरा त्यांना अजून उघडता येत नाही.

३. उरलेला कॅमेरा त्यांची मुलगी नलू हिला. सजवलेल्या बैलांचे फोटो तिने खुशाल काढावेत, पण तेच बैल खांद्यावर जू घेऊन पिकात डवरे ओढतात, त्या डवरणीच्या दिवसांतही काढावेत.

४. मरणाचे मला भय नाही. मी गेल्यावर चांद्याला बाजार दाखवतील, याचे आहे. प्रभाकरराव बहिणीला म्हणतील, "बाई, हा बुढा बैल काऊन पोसून राह्यली?" म्हणून जयवंतानंतर घर त्यांना, पण एका अटीवर. चांद्या जिवंत असेपर्यंत दर पोळ्याला त्याच्या शेजारी उभे राहून त्यांनी फोटो काढवावा व नलूने तो काचेत लावावा. त्यांनी बैल विकला तर घर कोंडवाड्याला जाईल. मला त्यांच्या दयेचा भरवसा नाही, इज्जतीचा आहे.

हे वाचून दाखवल्यावर प्रभाकरराव तडक गोठ्यात गेले. आता तुपाची वाटी घेऊन चांद्याच्या खांद्याशी बसले आहेत. तिथूनच ओरडले, "भाऊजी, पोळ्यापर्यंत या जागी केस येतीन का?"

मी म्हटले, "रोज चोळजो."

सही : वासुदेव गणपत झाडे

आमच्यासमक्ष सही केली :
महादेवराव कोल्हे, शेजारी
डॉ. हरिदास देवतळे, गुरांचे डॉक्टर

समुद्रपूर, २० ऑगस्ट १९८३