शेपटीवर ठेवलेलं बोट

प्रिय व्हर्लिन,

शनिवारी विमान क्लबच्या जेवणाला मी पर्सिमनच्या फळांचं पुडिंग करून आणणार आहे. गर पानगळीतच काढून फ्रीझरमध्ये टाकला होता, दालचिनी आई घालायची तेवढीच. दर वर्षी तू दोनदा वाढून घेतोस आणि वर बोटं चाटत म्हणतोस, 'छान झालंय अर्लीन, पण आईची सर नाही.' यंदा तुला किती जातं ते बघू.

मर्ल बरा आहे. म्हणजे खातो, झोपतो, खिडकीशी बसतो. गाडीच्या किल्ल्या त्यानं माझ्या हातात ठेवल्या त्या ठेवल्याच. चर्चला, किराण्याला, दाताच्या डॉक्टरांकडे मीच नेते, आणि तो शेजारी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसतो. या माणसानं जन्मभर शाळेची बस चालवली, बर्फातून अर्ध्या गावाची पोरं घरी पोचवली. परवा जेवताना बटाट्यांचं भांडं पुढे करायचं तर त्यानं ते दोन्ही हातांनी धरलं, आणि धरताना तो स्वतःच्या हातांकडे बघत होता. त्याचे हात कापत नाहीत, व्हर्लिन. लग्न झाल्यापासून रोज बघतेय मी ते. पण हातांनी आपल्याला दगा दिला असं त्याला वाटतं, आणि हे त्याच्या डोक्यात कुणी भरलं ते तुला माहीत आहे.

तो गेल्याच्या आधीच्या वर्षीचा ऑगस्टमधला मेळावा आठव. धावपट्टीच्या कडेला सोयाबीन गुडघ्याच्या वर गेलेलं, कुंपणापाशी लोक खुर्च्या मांडून बसलेले. आदल्या हिवाळ्यात तू रिमोटवर उडणारी फोमची दोन विमानं बांधली होतीस, अगदी एकसारखी, पोटावर हिरवा पट्टा. एक तुला, एक त्याला. मेव्हण्या-मेव्हण्यांची जुळी म्हणून मी सगळ्यांना सांगत फिरायचे, इतकं मला त्या जोडीचं कौतुक. तू तुझं नेहमी डुलत डुलत उडवायचास. मर्लनं त्या दिवशी त्याचं उंच नेलं आणि नाक खाली करून सोडलं. खाली येता येता त्यानं रिमोटची काडी मागे ओढली आणि ओरडला, 'एलेव्हेटर नाही!' शेपटीवरच्या त्या हलत्या पट्टीनं नाक उचललंच नाही. विमान सरळ सोयाबीनमध्ये घुसलं. मग तू गेलास, ते उचलून आणलंस, सगळ्यांसमोर रिमोटची काडी हलवलीस, आणि त्या मोडक्या शेपटीचा एलेव्हेटर वर-खाली, वर-खाली. 'हा काय, इथंच तर आहे! अहो दाजी, पडलेल्या प्रत्येक विमानाचा एलेव्हेटर हवेत हरवतो आणि जमिनीवर सापडतो!' केवढे हसले लोक. उचलली जीभ लावली टाळ्याला, हे तुझं लहानपणापासूनचं.

तेवढ्यावर थांबला असतास तरी चाललं असतं. पण तू क्लबचा अध्यक्ष. महिन्याच्या सभेत उभा राहिलास आणि आवाज मऊ करून म्हणालास, 'काळजीपोटी सांगतो, यापुढे मर्ल उडवेल तेव्हा दुसरा रिमोट घेऊन, चुकलं तर सावरायला, कुणीतरी त्याच्याशेजारी उभं राहील.' मर्ल म्हणाला, 'बरोबर आहे त्याचं.' आपली खुर्ची स्वतः घडी करून त्यानं गाडीत ठेवली. त्यानंतर तो मैदानावर गेलेला नाही.

यंदाच्या जानेवारीत मी गॅरेज आवरायला काढलं. ते मोडकं विमान टाकून द्यायचं ठरवलं होतं. टाकण्याआधी बॅटरी का लावली, विचारू नकोस. मलाच माहीत नाही. विमान मांडीवर होतं आणि एलेव्हेटर नेमका माझ्या अंगठ्याखाली आला. मी काडी ओढली. पोटातली छोटी मोटर फिरली, आतली तार कुठंतरी फोमला जाऊन टेकल्याचा आवाज आला, आणि एलेव्हेटर जागचा हलला नाही. अंगठा काढला, तर लगेच हलला. पुन्हा ठेवला, पुन्हा ढिम्म. तेव्हा माझ्या लक्षात आलं. वेगात येणाऱ्या विमानाच्या शेपटीवर हवा असंच बोट ठेवते, फक्त माझ्यापेक्षा दांडगं. जमिनीवर ते बोट नसतं, म्हणून जमिनीवर सगळं ठाकठीक दिसतं आणि तुझ्यासारख्याला लोकांना हसवता येतं. स्वयंपाकघरातली सुरी आणून मी विमानाचं पोट फाडलं. मोटरपासून शेपटीपर्यंत ती बारीक तार नुसती लोंबत होती. मधे तिला धरून ठेवणारा एकही आधार तू बसवला नव्हतास. एलेव्हेटरवर जोर आला की ती ढकलायचं सोडून वाकून बसत होती. वजन वाचवायचं तुझं वेड मला काय नवीन आहे?

इथवर मी तुला माफ केलं असतं, खरंच सांगते. हातून चूक कुणाच्या होत नाही? पण फेब्रुवारीत, जत्रेच्या मैदानावरच्या हॉलमध्ये जुन्या विमानांचा बाजार भरला, आणि तुझ्या टेबलावर तुझं ते जुळ्यातलं दुसरं होतं. 'मला याच्यासकट पुरा' म्हणायचास त्याच्याबद्दल! मी पुढे आले नाही, शेजारच्या ग्लेंडाला पाठवलं. तिला विमानातलं इतकंच कळतं की त्याला शेपटी असते. तू तिला म्हणालास, 'ताई, खुशाल सूर मारा. हे डोळे मिटून नाक उचलून घेईल.' तिनं विमान विकत घेतलं आणि तुझे शब्द मला जसेच्या तसे येऊन सांगितले.

घरी येऊन मी त्याच्या शेपटीवर अंगठा ठेवला. एलेव्हेटरनं अंगठा बाजूला सारला. पोटाखाली फोम कापून पुन्हा चिकटवलेला होता, वर जरा वेगळ्या हिरव्या रंगाचा हात. कापलं, तर आत तारेला दोन पक्के आधार. आता तू म्हणशील, ते पहिल्यापासून होते. नव्हते. तो रंग माझा आहे, व्हर्लिन. मर्लचं विमान पडल्यानंतरच्या पानगळीत मी व्हरांड्यातल्या खुर्च्या रंगवल्या, तेव्हा उरलेला हिरवा तू डब्यासकट मागून नेलास. 'लेटरबॉक्सला लावायचाय,' म्हणालास. तुझा लेटरबॉक्स अजून गंजलेलाच आहे. येता-जाता बघते मी.

म्हणजे तू घरी जाऊन स्वतःचं विमान तपासलंस, तुला कळलं, तू गुपचूप दुरुस्त केलंस आणि मूग गिळून बसलास. आणि पुढच्या वसंतात, हे सगळं ठाऊक असताना, त्याला ते पत्र पाठवलंस! 'प्रिय मर्ल, अभिनंदन, यंदाचा मातीचा मान तुझा. हातांना आता विश्रांती दे.' विमान मातीत घालणाऱ्याला थट्टेनं देतात तो लाकडी पाटीवर ठोकलेला मोडका पंख तूच त्याच्या हातात दिलास, आणि रीतीप्रमाणे त्याला गोड वाढायच्या आधी उभं राहून सगळं सांगावं लागलं. तो म्हणाला, 'काडी वेळेवर ओढली नसेल मी. हात थकले.' तू टाळ्या वाजवल्यास. माझ्या पाठीला पाठ लावून आलेला माझा भाऊ! त्या टाळ्या अजून माझ्या कानात आहेत, आणि त्या मी तुला परत करणार आहे.

मातीचा मान ज्याच्या घरी असतो त्यानं पुढचा मानकरी निवडायचा आणि पत्रानं कळवायचं, ही रीत तुला मी काय सांगू? तेव्हा पाटी तुझ्या घरी होती, आता आमच्या घरी आहे. मर्ल म्हणाला, 'मला कुणाचं नाव घ्यायचं नाही, तूच कुणाला तरी लिही.' म्हणून हे पत्र. अभिनंदन, व्हर्लिन, यंदाचा मान तुझा. शनिवारी गोड वाढायच्या आधी उभा राहा आणि विमान कसं पडलं ते स्वतःच्या तोंडानं सांग. मधे कुणी बोलायचं नाही, हीही रीतच आहे. मर्लला मी यातलं अक्षर सांगितलेलं नाही. मी सांगितलं तर तो म्हणेल, मायेपोटी बोलतेस. त्याला ते तुझ्याच तोंडून ऐकू यायला हवं. तुझी जीभ वळली नाही, किंवा तुला ऐनवेळी ताप आला, तरी अडणार नाही. दोन्ही विमानं बॅटरी लावून पुडिंगशेजारी ठेवणार आहे, आणि एकेकाला बोलावून शेपटीवर बोट ठेवायला सांगणार आहे. जाताना गाडी मी चालवीन. परत येताना ती मर्लनं चालवायची आहे.

तुझीच थोरली बहीण,
अर्लीन