आमच्या गाडीत दोष नाही

१४ सप्टेंबर १९८६, रविवार
आजपासून रोजनिशी. उद्योजकाने ती ठेवावीच. एकोणीस वर्षं सरकारी कचेरीत बसून दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त केल्या, आता स्वतःचा ट्रान्सपोर्ट. 'गरुड' पिकअप, पांढरी, जपानी तंत्राची. नागपुरात अशा जेमतेम बारा आहेत. बाकीचे अकरा मालक म्हणजे शहराबाहेरच्या वाडीच्या गोदामांपुढे खाटा टाकून बसणारी मंडळी. गाडीबरोबर आलेल्या इंग्रजी मॅन्युअलवर भजी ठेवून खाताना मी एकाला प्रत्यक्ष पाहिलं आहे.

ड्रायव्हर देवाजी. उमरेडच्या कोळसा खाणीवर बारा वर्षं ट्रक चालवलेला. माणूस इमानी, पण इंजिनाविषयी स्वतःची मतं बाळगतो. ती सवय मोडावी लागेल.

संकल्प: मॅन्युअलची रोज पाच पानं. दसऱ्यापर्यंत स्वतः ड्रायव्हिंग. कोणावरही आवाज चढवायचा नाही, नुसतं पाहायचं.

१९ सप्टेंबर, सकाळी ७.३०
देवाजीने ऑइल मोजायची डिपस्टिक आणून थेट नाकासमोर धरली. ऑइल पांढरट, दुधाळ चहासारखं. म्हणे, "साहेब, इंजिनात पाणी जाऊन राहिलं. रेडिएटर रोज भरतो, रोज कमी." मी शांतपणे समजावलं, जपानी इंजिनाचं ऑइल आपल्यासारखं काळंकुट्ट नसतं. त्याने डिपस्टिक विजारीला पुसली. मग म्हणाला, "पण ऑइल तर आपण वाडीतूनच घेतलं नं."

नुसतं पाहिलं. त्याच्यावर परिणाम झाला नाही.

संध्याकाळी बळीराम मिस्त्रीकडे न्यावीच लागली. त्याने बोनेटही पुरतं उघडलं नाही. सायलेन्सरचा पांढरा धूर पाहिला अन् म्हणाला, "हेड गॅस्केट फाटलं, त्यातूनच पाणी ऑइलात जाते. मुकुंदराव, तिसरी गाडी आहे ही या महिन्यात." मी विचारलं, शिक्षण किती? म्हणाला, चौथी. पुढे काय बोलायचं!

मॅन्युअल: शून्य पानं. डोकं दुखत होतं.

२६ सप्टेंबर
कंपनीचं छापील पत्र आलं. 'गरुड'च्या सर्व मालकांनी ३० नोव्हेंबरपर्यंत गाडी कामठी रोडवरच्या डीलरकडे आणावी, हेड गॅस्केट आणि वॉटर पंप मोफत बदलून देऊ. बायकोने, म्हणजे लतिकाने, वाचून दाखवलं आणि ती म्हणाली, उद्याच घेऊन जा. लतिका शाळेत भूगोल शिकवते. इंजिनाचा भूगोलाशी संबंध नाही हे मी बोललो नाही, संकल्प आठवला.

वास्तविक पत्राचा अर्थ सरळ आहे. अडाणी मालकांनी गाड्यांची वाट लावली. कंपनीने मोठ्या मनाने सर्वांना बोलावलं, म्हणजे त्या अकरांना वाईट वाटू नये. आपण गर्दी करायची गरज नाही. पत्र फाइलला लावलं.

५ ऑक्टोबर, रविवार
वाडीत पिकअप मालकांची सभा. म्हणजे चहाची टपरी. पुढारी चंद्रभान. हा गोंडखैरीहून संत्री आणतो, आणि गाडीत बसला की स्प्रिंगा कण्हतात. त्याची गाडी दोनदा बंद पडली, संत्री सडली. त्याचं म्हणणं, गॅस्केटं बदला ते ठीक, पण आमच्या वाया गेलेल्या मालाचं काय? सगळ्यांनी मान डोलावली. मग चंद्रभान मला म्हणाला, "मुकुंदभाऊ, आपल्यात इंग्रजी तुमालेच येते. अर्ज तुमीच लिहा गा."

मी उभा राहिलो. दहा मिनिटं बोललो. म्हटलं, दोष यंत्रात नसतो, हाताळणीत असतो. जपानमध्ये हीच गाडी कुरकुर करत नाही, कारण तिथला मालक शिकलेला असतो. टाळ्या नाहीत. एकाने चहा ओतला, तो माझ्या चपलेवर. मुद्दाम असावा.

७ ऑक्टोबर
अर्ज लिहिला नाही. त्याऐवजी कंपनीला स्वतःचं पत्र लिहिलं. तीन पानं, इंग्रजी. माझी गाडी निर्दोष असून नागपुरातल्या तक्रारी अशिक्षित मालकांच्या गैरवापरातून आल्या आहेत. मला मोफत दुरुस्तीची आवश्यकता नाही. कचेरीतले साहेब माझ्या मसुद्यांवर लाल रेघा मारत. आज कोणी मारणार नव्हतं. रजिस्टर्ड पोस्टाने टाकलं.

देवाजी म्हणे, रेडिएटरला आता दिवसातून दोनदा पाणी लागते.

१२ ऑक्टोबर, दसरा
गाडीला झेंडूचा हार. देवाजीने आधीच सांगितलं होतं, आज दीक्षाभूमीवर जायचं आहे, घरची सगळी येणार. रजा दिली. मी या बाबतीत फार उदार आहे. तो म्हणाला, "रजा मागितली नोयती साहेब, सांगितलं होतं."

ड्रायव्हिंगची मुदत आज संपली. पाठ दोनच झाले. दुसऱ्यात फाटक पडलं. फाटक आधीपासूनच गंजलेलं होतं.

२४ ऑक्टोबर
कंपनीचं उत्तर! वैयक्तिक! मोठ्या साहेबाची सही! माझं पत्र "अत्यंत मौलिक" असून "योग्य ठिकाणी उपयोगात आणू". लतिकाला दोनदा वाचून दाखवलं. तिने विचारलं, गाडी कधी दाखवणार? काही माणसांना प्रसंगाचं मोल कळत नाही.

देवाजीची मुलगी जया त्याचा डबा घेऊन आली होती. बी.ए.ला आहे, इंग्रजी विषय. तिलाही ते आणि माझ्या पत्राची नक्कल वाचायला दिली. वाचून म्हणाली, "काका, तुम्ही तुमच्या पत्रात बाकीच्यांबद्दल काहून लिहिलं?" मी म्हटलं, परीक्षेचा अभ्यास कर.

६ नोव्हेंबर
अकराही गाड्यांचं काम डीलरकडे झालं. नवी गॅस्केटं घालून मिरवताहेत. पण सडलेल्या मालाबद्दल चंद्रभानने तोंड उघडल्यावर डीलरच्या साहेबाने एक पत्र काढून सर्वांसमोर मोठ्याने वाचलं. माझं. "तुमचाच एक सुशिक्षित बंधू लिहितो की दोष तुमच्यात आहे." विषय तिथेच बंद.

चंद्रभान संध्याकाळी घरी आला. मला वाटलं, आरडाओरडा करेल. त्यासाठी दोन वाक्यं तयार ठेवली होती. तो ओसरीवर बसून फक्त म्हणाला, "तुमाले आमच्याशी काही वैर होतं काय, भाऊ?" लतिकाने त्याला चहा दिला. मला दिला नाही. तो गेल्यावर ती म्हणाली, मी त्याच्या जागी असते तर चहा पीत बसले नसते.

ती दोन वाक्यं उत्तम होती. आता आठवत नाहीत.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
देवाजी आज चढ्या आवाजात बोलला. "साहेब, फुकट करून देऊन राहिले, बारा दिवस उरले, काहून नेत नाही?" मी खरं कारण सांगितलं: लेखी कळवलं आहे की गाडी निर्दोष आहे, आता नेली तर माझ्या शब्दाला काय किंमत? तो म्हणाला, "अन् रस्त्यात माणसं असली तर त्याईले काय किंमत?" नाटकी बोलतो.

शनिवारी उमरेडची फेरी. गोपिका नावाची विणकर बाई आहे. पाच घरांनी मिळून विणलेल्या बेचाळीस साड्या सीताबर्डीच्या प्रदर्शनात दुपारी चारच्या आत पोचवायच्या. उशीर झाला तर गाळा दुसऱ्याला. तिने विचारलं, गाडी भरवशाची आहे नं? मी कंपनीचं पत्र दाखवलं. तिला वाचता येत नाही, पण सही पाहून समाधान झालेलं दिसलं.

संकल्प: ही फेरी झाली की गाडी दाखवायची. कोणाच्या सांगण्यावरून नाही. स्वेच्छेने.

२२ नोव्हेंबर, पहाटे ५.४५
स्वतः बरोबर जातो आहे. देवाजीने मागे पाण्याचे चार डबे ठेवले होते. दोन उतरवायला लावले. गिऱ्हाइकावर छाप वाईट पडते.

२५ नोव्हेंबर
डाव्या हाताने लिहितो आहे. तुटक लिहीन.

उमरेडहून साडेदहाला निघालो. केबिनमध्ये आम्ही तिघे. गोपिका मांडीवर एक गठ्ठा घेऊन बसलेली. तो मागे ठेवायला तयार नव्हती. कुही फाट्याला तापमानाचा काटा लाल रेषेवर. मी म्हटलं, काटा खराब आहे. दोन्ही डबे तिथेच संपले. पाचगावच्या अलीकडे पांढरा धूर, मग खाडकन आवाज. गाडी उभी.

देवाजी खाली उतरला. रस्त्याच्या मध्ये जाऊन दोन्ही हात पसरून उभा राहिला. एस.टी. थांबली. कंडक्टर म्हणे, एवढे गठ्ठे घेणार नाही. गोपिका पायरीवर चढून बसमधल्या लोकांना म्हणाली, "पाच घरचं वर्षभराचं काम आहे बाप्पा, एकेक गठ्ठा मांडीवर धरा नं." लोकांनी धरले. कंडक्टरनेसुद्धा एक धरला. मी म्हणत होतो, दहा मिनिटं थांबा, गाडी थंड झाली की सुरू होईल. कोणी ऐकत नव्हतं.

माल सांभाळायला देवाजी बसमध्ये चढला. चढताना म्हणाला, "रेडिएटरचं झाकण खोलू नका साहेब. दीड तास हात लावू नका."

बस दिसेनाशी झाली. पाच मिनिटांत झाकण उघडलं.

उकळतं पाणी उजव्या हातावर, बोटांपासून कोपरापर्यंत. ओरडलो असणार. शेतातून एक म्हातारी धावत आली, अंजनाबाई. माठच्या माठ हातावर ओतला. ओतताना सारखी विचारत होती, "काहून खोललं गा? काहून खोललं?" मॅन्युअलमध्ये या प्रश्नाचं उत्तर नाही. तिनेच एक ट्रक थांबवून मला नागपूरला पाठवलं.

साड्या पावणेचारला पोचल्या. सगळ्या गाळ्यात लागल्या. हे लतिकाने जाऊन पाहिलं.

संध्याकाळी देवाजी दवाखान्यात आला. गाडीच्या किल्ल्या उशीशी ठेवल्या. मी म्हटलं, गाडी दुरुस्त होईल, जाऊ नको. तो म्हणाला, "गाडी बिघडली म्हणून नाही चाललो. मी रोज सांगत होतो अन् तुमी रोज माह्याकडं पाहून हसत होते." हे खोटं आहे. मी हसत नव्हतो. नुसतं पाहत होतो.

२९ नोव्हेंबर
गाडी चार दिवस पाचगावला रस्त्याच्या कडेला. परवा चंद्रभान आपली गाडी घेऊन गेला, दोर बांधून ओढत आणली, थेट डीलरच्या दारात उभी केली. मी सांगितलं नव्हतं. मुदतीत पोचली म्हणून मी निर्धास्त होतो.

आज डीलरकडे गेलो. साहेबाने तेच पत्र काढलं. "गाडी निर्दोष, दुरुस्तीची आवश्यकता नाही. सही तुमचीच नं?" मी म्हटलं, तो एक तात्त्विक विचार होता. तो म्हणाला, मग इंजिनही तात्त्विकच समजा.

शिकलेला माणूस दिसला. तरी असा बोलतो.

८ डिसेंबर
लतिका मला न विचारता देवाजीच्या घरी गेली होती. जयाने माझ्या गाडीसाठी नवा अर्ज लिहिला. देवाजीला सगळ्या तारखा पाठ: ऑइल कधी पांढरं दिसलं, पाणी कधी दोनदा लागलं, मला कधी कधी सांगितलं. खाली अकरा मालकांच्या सह्या की हाच दोष आमच्याही गाड्यांत होता. चंद्रभानने जाऊन दिला. त्यात सडलेल्या संत्र्यांचाही परिच्छेद आहे. तोही या वेळी साहेबाने ठेवून घेतला.

अर्जाची नक्कल वाचली. सव्वा पान. चूक शोधली. एका ठिकाणी स्वल्पविराम जास्त वाटला. लतिका म्हणाली, नाही, बरोबर आहे.

१२ डिसेंबर, शुक्रवार
मंजूर. इंजिन बदलून मिळणार. संत्र्यांचं 'विचाराधीन'. साहेबाने सर्वांना बोलावलं होतं. अकराही जण हजर, देवाजीही. तो आता चंद्रभानची गाडी चालवतो. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, परत ये, पगाराचं पाहू. तो म्हणाला, "नाही साहेब. चंद्रभानभाऊ विचारते, देवाजी, आवाज कसा येऊन राहिला? मले सांगाले लागते." आणि माझा हात कसा आहे ते विचारलं.

फॉर्मवर मालकाची सही हवी होती. उजवा हात पट्टीत. डाव्या हाताने केली. कारकुनाने फाइलमधल्या माझ्या तीन पानी पत्राशी ताडून पाहिली. म्हणाला, जुळत नाही. पुन्हा केली. जुळत नाही. तेव्हा त्याने शाईचा पॅड पुढे सरकवला, अंगठा द्या म्हणाला.

मी मागे पाहिलं. कोणीतरी हसायला हवं होतं. कोणी हसलं नाही. चंद्रभानने पॅड हलू नये म्हणून नीट धरून ठेवला.

दिला.

घरी येऊन तीन वेळा साबण लावला. शाई जात नाही. लतिका म्हणाली, लिंबू चोळ. डाव्या अंगठ्यावर डाव्याच हाताने लिंबू कसं चोळणार? तिने चोळून दिलं.