संक्रांतीच्या वाणात गेलेले ग्लिसरॉल

प्रति,
मा. प्रशासकीय अधिकारी,
चुंबकीय प्रतिमा संशोधन केंद्र, जुळे सोलापूर.

विषय : संशोधनाचे ग्लिसरॉल हळदीकुंकवात वाटले गेल्याने आलेला ठपका काढून मुदतवाढ मिळणेबाबत.

संदर्भ : खरेदी समितीचा शेरा, "अर्जदार अकार्यक्षम. मुदतवाढ नको."

महोदय,

१. अर्जदार प्रियदर्शनी बिराजदार ही आपल्या केंद्रातील संशोधक विद्यार्थिनी. एमआरआयमध्ये गाठ लवकर दिसावी म्हणून एक द्रावण अतिथंड करून त्याचा चुंबकीय संकेत हजारो पटींनी वाढवायचा आणि मग ते झटकन विरघळवून शिरेत सोडायचे, हे तिचे काम. गोठताना द्रावणाचे स्फटिक झाले की संकेत मेलाच. ते काचेसारखे एकजीव गोठावे म्हणून त्यात काय मिसळावे, या एका प्रश्नापायी तिची ऐन उमेदीची वर्षे गेली. उत्तर सापडले : अतिशुद्ध ग्लिसरॉल.

२. ते जानेवारीत आले. भांडारपाल श्री. अनिलकुमार यांनी ते लगेच ओळखले. घरी भेगाळलेल्या टाचांना लावतात ते ग्लिसरीन म्हणजेच हे. कर्मचारी महिलांचे हळदीकुंकू तोंडावर आले होते आणि वाण काही ठरत नव्हते. गुलाबपाणी घालून, छोट्या बाटल्यांत भरून, वर फीत बांधून सगळे ग्लिसरॉल वाटले गेले.

३. विचारणा करता श्री. अनिलकुमार म्हणाले, "मॅडम, गोठवायचंच हाय की! मग नळाचं पाणी घ्या. ते बी गोठतंय." समितीने हे एकमताने मंजूर केले. पाण्याचे स्फटिक झाले. संकेत गेला. ठपका मात्र अर्जदारावर आला.

४. (हा मुद्दा समिती अध्यक्षांच्या सौभाग्यवतींविषयी असल्याने अध्यक्षांच्या सूचनेवरून वगळला आहे.)

५. नाइलाजाने अर्जदार दारोदार फिरली. भांडारपालांच्या पत्नी सौ. दानेश्वरी उंबऱ्यातच म्हणाल्या, "वाण दिल्यावर परत मागत्यात व्हय गं? आन् ह्या टाचा बघ, लई मऊ झाल्यात." टाचा खरोखर मऊ होत्या, हे अर्जदार प्रामाणिकपणे नमूद करते. तरी त्यांनी उरलेली अर्धी बाटली दिली.

६. ते मिश्रण घालून गोठवताच द्रावण नितळ काच झाले. पद्धत बरोबर आहे, एवढेच यातून सिद्ध होते. हे टाचांचे औषध शरीरात सोडण्याजोगे नाही, असे अर्जदाराने लेखी कळवले. समितीने अभिनंदन करून ठराव केला की, यापुढे गुलाबपाणीयुक्त ग्लिसरीनच वापरावे, नवी खरेदी करू नये आणि त्याची रुग्णावर चाचणी घेतली तरच मुदतवाढीचा विचार व्हावा.

७. गुलाबपाणी शिरेत गेल्यावर माणसाचे काय होते, याचा अनुभव केंद्राला नाही. समितीची मात्र पक्की खात्री आहे. सबब विनंती की, ठपका काढून मुदतवाढ व शुद्ध ग्लिसरॉल द्यावे. ते जमत नसेल, तर पहिला रुग्ण म्हणून समिती अध्यक्षांना पाठवावे. उपाशीपोटी.

आपल्या निर्णयाकडे डोळे लावून बसलेली,
प्रियदर्शनी चन्नप्पा बिराजदार
सोलापूर, दि. १७ फेब्रुवारी २०२५

सोबत : रुग्णाचे संमतीपत्र (अध्यक्षांचे नाव घातले आहे, सही तेवढी राहिली आहे).