मंगळवारच्या बाई, शुक्रवारची मुलगी

मंगळवार, ३ जून

आज समुपदेशनाला नव्या बाई आल्या. पन्नाशीच्या. पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या, जणू मीच ती ओढून घेणार होते. मुलगी चार वर्षांपूर्वी घर सोडून गेली. ‘शोधू नका’ एवढा निरोप, मग काही नाही. नवरा म्हणतो, ती आपल्याला मेली. घरात तिचं नाव काढायची चोरी.

मी नेहमीसारखी रिकामी खुर्ची त्यांच्यासमोर ओढली. जो माणूस भेटत नाही तो तिथं बसलाय असं धरायचं आणि मनातलं बोलून टाकायचं — ही माझी जुनी पद्धत. लोकांना आधी हसू येतं, मग रडू. या बाईंना हसू आलं नाही. पर्समधून फोटो काढून त्यांनी खुर्चीच्या पाठीला टेकवला.

फोटोतली मुलगी माझी शुक्रवारची आहे! ती नाव बदलून राहते हे तिनंच मला सांगितलंय. पण ते डोळे, हनुवटीवरचा तो व्रण. शुक्रवारी ती याच खुर्चीत बसते. मी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

बुधवार, ४ जून

जेवताना नवरा म्हणाला, “दिवसभर पैसे घेऊन लोकांचं ऐकतेस, माझं जरा फुकटात ऐक की.” हसले. नंतर तो काय बोलला, एक अक्षर आठवत नाही.

शुक्रवार, ६ जून

ती आली. पाय वर घेऊन खुर्चीत बसली. नोकरीतल्या कटकटी सांगत होती आणि कागदी रुमालाची घडी घालत होती — अर्धी, पाव, मग नखानं दाबून. मंगळवारी बाईंनी अश्शीच घडी घातली होती.

“हल्ली दार वाजलं तरी लपावंसं वाटत नाही,” म्हणाली. किती महिन्यांनी एवढं हाती लागलंय!

ती गेल्यावर खिडक्या सताड उघडल्या. या खोलीतून हल्ली कोणी जातच नाही असं वाटतं.

मंगळवार, १० जून

बाई आज खुर्चीशी बोलल्या. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आवाज अगदी साधा, भाजी काय करू विचारावं तसा.

“तू काकाचं सांगायला लागलीस तेव्हा मी तुझ्या तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, घर मोडेल. तू गेलीस. तो अजून आपल्याच घरात जेवतो. मीच वाढते त्याला.”

तो हात मला माहीत आहे. मुलीनं सांगितलाय. “काकाला एक वेळ विसरेन,” म्हणाली होती, “आईचा हात नाही विसरता येत.”

मला त्या बाईंचा राग आला. मग इतकी दया आली की ‘ती बरी आहे’ हे शब्द अगदी ओठांवर आले. गिळले.

बुधवार, ११ जून

माझ्या मार्गदर्शक बाईंकडे गेले. न्हाव्याचेही केस कोणीतरी कापतंच. अशी अडचण आली की मी त्यांच्याकडे धावते. माझं सगळं ऐकून त्या म्हणाल्या, “आईला दुसरीकडे पाठव. कारण सांगू नकोस.”

मी वाद घातला. दोघी एकाच खोलीत येतात, मधे फक्त मी! एक शब्द बोलले तर—

“तर काय? समेट घडवायला बसलीस का तू? मुलीनं दार बंद केलंय. ते उघडायचं की नाही, तिचं ती बघेल.”

त्यांचं बरोबर आहे. म्हणूनच जास्त चीड आली.

शुक्रवार, १३ जून

राहवलं नाही. मुलीला विचारलंच, “समजा, घरचं कोणी तुला शोधत आलं तर?”

ती ताडकन उठली. “इथं? कोणी आलं होतं का?”

“मी समजा म्हटलं.”

“मग हे गाव सोडीन. पुन्हा नवं नाव, नवी खोली.” मग खाली बसली, हळूच. “आता अंगात तेवढा दम नाही राहिला, ताई. पण जाईन.”

उरलेला वेळ ती दाराकडेच बघत होती. हे मी केलं. ‘समजा’ म्हणाले आणि तिचे कित्येक महिने मातीत घातले.

मंगळवार, १७ जून

बाईंना आज सांगायचं होतं. तोंड उघडलं नाही. भित्री!

कुलूप लावताना आत दोघी हळू आवाजात बोलताहेत असा भास झाला. दार उघडून पाहिलं. रिकाम्या खुर्च्या, टेबल, पंखा बंद. वेड लागायची पाळी आलीय.

शुक्रवार, २० जून

आली. आल्या आल्या दार नीट लागलंय ना, ते पाहून घेतलं. पण आली.

मंगळवार, २४ जून

आज सांगितलं. तुम्हाला माझ्या एका मैत्रिणीकडे पाठवते, त्या जास्त अनुभवी आहेत, वगैरे.

बाई शांतपणे म्हणाल्या, “मागच्या हिवाळ्यात मी समोरच्या औषधाच्या दुकानात उभी होते. ती तुमच्या दारातून बाहेर पडली. शुक्रवार होता. तिच्या मागं गेले नाही. तेवढी तरी अक्कल आली मला.”

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

“ती अजून येते का, बरी आहे का, एवढंच बघायचं होतं. तुमच्यासमोर फोटो ठेवला आणि तुमच्या तोंडाकडे पाहिलं. पहिल्याच दिवशी कळलं.”

उठल्या. मैत्रिणीचा पत्ता मागून घेतला. दाराशी थांबल्या.

“मी आले होते हे तिला कळू देऊ नका. ती इथं येणंही सोडेल.”